बारशाच्या आधी कान तपासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ या काळात, महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. आमच्या आज्यांच्या पिढीत बाळंतपण म्हणजे माजघरातली अंधारी खोली, शेगडी आणि सुईण. तिथून इथवर येण्यामागे एएनएम ताईंचे (म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांचे), आशाताईंचे, तालुक्याच्या दवाखान्यांतल्या परिचारिकांचे कष्ट आहेत. त्या कष्टांमुळेच आज पूर्वी अशक्य असलेली एक गोष्ट शक्य झाली आहे. राज्यात जन्मणारं जवळजवळ प्रत्येक बाळ जन्मानंतर एक-दोन दिवस तरी प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली असतं. तेवढ्यात त्याचं वजन होतं, बीसीजी टोचली जाते, पोलिओचे थेंब पडतात, काविळीची लस दिली जाते. त्याच दोन दिवसांत त्याला ऐकू येतं की नाही हेही यंत्राने पाहून घेतलं पाहिजे. प्रत्येक बाळाचं, दवाखाना सरकारी असो की खासगी, आणि आईबापांनी मागितलं तरच असं न करता, नेमाने. या लेखात मला हे मांडायचं आहे, आणि याच्या पुढचं जास्त अवघड असलेलंही: तपासणीत शंका आलेलं बाळ पुन्हा हाती लागेल याची जबाबदारी ओल्या बाळंतिणीवर टाकता कामा नये. ती आरोग्यखात्याची आहे.

जन्मजात बहिरेपण नजरेला दिसत नाही, ही यातली मूळ अडचण. फाटलेला ओठ दिसतो, वाकडं पाऊल दिसतं, डोळ्यातला मोतीबिंदूही जाणकाराला दिसतो. ऐकू न येणारं बाळ मात्र इतर बाळांसारखंच गोंडस, तेवढंच रडतं, तेवढंच हसतं. ते हुंकार देतं, पहिले काही महिने ‘अं-अं’, ‘आग्गू’ही करतं, कारण सुरुवातीचे हे आवाज काढायला स्वतःचं ऐकू यावं लागत नाही. आईच्या चेहऱ्याकडे ते टक लावून पाहतं, आणि घरचे कौतुकाने म्हणतात, किती हुशार आहे, सगळं कळतं याला. खरोखरच कळत असतं. फक्त ते कानांवाटे कळत नसतं.

पुढे कधी शंका आलीच, तर घरात थाळी वाजवून पाहतात. पाळण्यामागे उभं राहून कुणीतरी ताट-चमचा वाजवतं, बाळ मान वळवतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण मान कशामुळे वळली, हे कुणी पाहिलेलं नसतं. हाताची सावली हलली असेल, पाळण्याला धक्का बसला असेल, थाळीचा दणका अंगाला जाणवला असेल. शिवाय ज्या बाळाला मोठे आवाज थोडेफार ऐकू येतात, पण बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ऐकू येत नाहीत, ते बाळ थाळीला, दाराच्या धाडकन आवाजाला, दिवाळीच्या फटाक्याला दचकणारच. थाळीच्या परीक्षेत ते दर वेळी पास होतं आणि बोलायच्या वयात मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

मग सुरू होतो वाट पाहण्याचा काळ. मुलगे उशिराच बोलतात. याचा मामाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. जीभ जड आहे, वेखंड लावा. नवस बोला. हे सगळं प्रेमापोटीच सांगितलं जातं, आणि आईला जी शंका सर्वांत आधी आलेली असते ती घरातल्या मोठ्यांच्या धीराखाली दबून जाते. आई डॉक्टरकडे गेली, तरी ‘थोडं थांबू या’ असं तिथेही ऐकावं लागतं. अशी दोन-अडीच, कधी तीन वर्षं जातात. अमेरिकेतही तपासणी सार्वत्रिक होण्यापूर्वी बहिरेपण ध्यानात येण्याचं सरासरी वय अडीच वर्षांच्या आसपास होतं, तेव्हा हा दोष आपल्या लोकांच्या अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखता येतच नाही.

ही अडीच वर्षं इतकी महाग का पडतात? ऐकण्याचं इंद्रिय गर्भाच्या साधारण पाचव्या महिन्यापर्यंत तयार झालेलं असतं आणि सहाव्या महिन्यापासून बाळ पोटातच आवाज ऐकू लागतं. जन्माला येताना ते आईच्या आवाजाची ओळख घेऊन येतं. पण कान म्हणजे फक्त दार. ऐकणं शिकतो तो मेंदू, आणि तो हे शिकतो पहिल्या काही वर्षांतच. आवाज पोचलाच नाही तर मेंदूतला ऐकण्याचा भाग रिकामा राहत नाही, तो हळूहळू पाहण्या-स्पर्शण्याच्या कामाला लागतो. अमेरिकी संशोधक अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं, श्रवणनसेला थेट संकेत देणारं यंत्र) झालेल्या मुलांच्या मेंदूतले विद्युत-संकेत मोजले. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचे संकेत काही महिन्यांत त्यांच्या वयाच्या ऐकू येणाऱ्या मुलांच्या जवळ आले. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत तसं घडलं नाही. यंत्र तेच, शस्त्रक्रियाही तीच, वेळ मात्र टळून गेली होती.

याहून महत्त्वाची पाहणी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली, ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० कर्णबधिर मुलांचा भाषाविकास तपासला. ७२ मुलांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत लक्षात आलं होतं, ७८ मुलांचं त्यानंतर. लवकर लक्षात आलेल्या मुलांची भाषा ठळकपणे पुढे होती. बहिरेपण कमी असो की जास्त, घर गरीब असो की सुखवस्तू, मूल बोलून व्यवहार करत असो की खुणांनी, हा फरक टिकून राहिला. शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे. अशा पाहण्यांमधूनच पुढे एक साधा नेम रूढ झाला: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू.

ही तपासणी करणं आज अवघड राहिलेलं नाही. १९७८ साली डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की निरोगी आतला कान नुसता आवाज घेत नाही, आवाजाला उत्तर म्हणून स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर सोडतो. ओएई नावाची तपासणी यावरच चालते. बाळ दूध पिऊन झोपलं की त्याच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, यंत्र हलके टिकटिक आवाज पाठवतं आणि परत येणारा प्रतिसाद टिपतं. बाळ शांत असेल तर काही मिनिटांचं काम. सुई नाही, रक्त नाही, भूल नाही. पडद्यावर उत्तर येतं, ‘पास’ किंवा ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासायला हवं. मोबाईलएवढ्या यंत्रावर हे होतं आणि नर्सला थोड्या प्रशिक्षणात ते जमतं. दुसरी तपासणी बेरा. त्यात डोक्याला छोटे इलेक्ट्रोड लावून आवाज श्रवणनसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, हे पाहतात. तिचीही स्वयंचलित यंत्रं निघाली आहेत, आणि ‘सोहम’ नावाचं असं एक यंत्र भारतातच तयार होऊन २०१७ साली बाजारात आलं.

दोन्हींतला फरक पालकांनाही माहीत असावा, विशेषतः ज्यांचं बाळ काचेच्या पेटीत राहून आलं आहे त्यांना. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मताच न रडलेली, कावीळ फार वाढून रक्त बदलावं लागलेली, जेंटामायसिनसारखी औषधं दिलेली बाळं, यांच्यात बहिरेपणाचा धोका कितीतरी जास्त. त्यातल्या काहींचा आतला कान चांगला असतो, पण नसेतून जाणारा संदेश विस्कळीत होतो. अशी बाळं ओएईत खुशाल ‘पास’ होतात. म्हणून अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या बाळाची बेरा झालीच पाहिजे. अशा बाळाच्या आईच्या हातात नुसत्या ओएईचा कागद देऊन निरोप देणं म्हणजे तिला खोटा दिलासा देणं आहे.

इथे कुणी विचारील, मग धोक्यातल्याच बाळांची तपासणी करा की, सगळ्यांची कशाला? हा विचार वरवर काटकसरीचा वाटतो आणि अनेक दवाखान्यांत तोच चालतो. पण कायमचं बहिरेपण घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांच्या बाबतीत असा कोणताही धोका नोंदलेला नसतो. नऊ महिने भरलेले, वजन तीन किलो, जन्मताच जोरात रडलेलं बाळ, घराण्यात कुणी बहिरं नाही. जन्मजात बहिरेपणाचं मोठं कारण आनुवंशिक आहे, आणि त्यातला मोठा भाग असा की आई आणि वडील दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते, दोघांनाही उत्तम ऐकू येतं आणि दोघांनाही त्याची कल्पना नसते. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात ते यामुळेच. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून अनेक समाजांत आहे, आणि नात्यातल्या लग्नांमध्ये अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. त्या रीतीबद्दल घराघरांत बोललं गेलं पाहिजे, पण ज्या बाळाचा जन्म झाला आहे त्याला त्या चर्चेचा उपयोग नाही. त्याचे कान आजच तपासायला हवेत.

आकडाही लहान नाही. कायमचं बहिरेपण जगभरात हजारी एक ते तीन बाळांत आढळतं, भारतातल्या काही पाहण्यांत त्याहून जास्त. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाख बाळं जन्मतात. हजारी दोन धरली तरी दरवर्षी साडेतीन ते चार हजार मुलं. प्रत्येक वर्षी एवढी घरं, आणि त्यातली बहुतेक दोन-तीन वर्षं अंधारात.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली ती तर आपल्याच पालघरमधून. त्या कार्यक्रमातल्या तीस व्याधींच्या यादीत जन्मजात बहिरेपण नावानिशी आहे. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जाणारी डॉक्टरांची फिरती पथकं आहेत, जिल्हा रुग्णालयात लवकर उपचाराची केंद्रं आहेत, मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. ती तुटते ती पहिल्याच कडीला. यंत्र आणि श्रवणतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, बाळंतपण मात्र ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या खासगी नर्सिंग होममध्ये. आशाताई घरी येते तेव्हा तिच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, कानाचं यंत्र नसतं. फिरतं पथक अंगणवाडीत ज्या मुलाला गाठतं ते मूल तोवर दोन-तीन वर्षांचं झालेलं असतं, म्हणजे जो काळ वाचवायचा तोच निघून गेलेला.

प्रत्येक छोट्या दवाखान्यात यंत्र आणि माणूस ठेवणं परवडत नाही, असं म्हणतात. मान्य. पण त्यावरचा तोडगा आपल्याच देशात वीस वर्षांपूर्वी निघाला आहे. कोचीमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ पासून एक साधी रचना चालवली. यंत्र एकच, ते चालवणारी प्रशिक्षित व्यक्ती एकच, आणि ती ठरलेल्या दिवशी शहरातल्या एकेका प्रसूतिगृहात जाते. तिथे असलेल्या सगळ्या बाळांची ओएई करते. शंका आलेल्यांची पुन्हा तपासणी सहा आठवड्यांनी, आणि तरीही शंका राहिली तर एका मध्यवर्ती ठिकाणी बेरा. एकच यंत्र सगळ्या दवाखान्यांत वाटून वापरलं जातं. या रचनेतून दशकभरात लाखाच्या घरात बाळं तपासली गेली. जे कोचीत झालं ते बारामतीत, लातुरात, मालेगावात, चिपळुणात होऊ शकत नाही, याला मला कारण दिसत नाही. तालुक्याला एक यंत्र आणि दुचाकीवर फिरणारी एक प्रशिक्षित ताई, एवढ्यावर सुरुवात होते. आणि श्रीमंत देशांचीच ही चैन आहे असं वाटत असेल, तर फिलिपिन्सने २००९ साली प्रत्येक नवजात बाळाच्या श्रवणतपासणीचा कायदा केला, हे पाहावं.

आता अवघड भागाकडे येतो. तपासणी सुरू करणं सोपं आहे, कारण ती मोजता येते. इतकी यंत्रं दिली, इतकी बाळं तपासली, असा अहवाल निघतो, फीत कापली जाते. पण तपासणीत ‘रेफर’ आलं म्हणजे बाळ बहिरं असं नव्हे. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानाच्या नळीत चिकट पांढरा थर, पाणी असतं, आणि शंभरातल्या चार-पाच बाळांना तरी ‘रेफर’ येतं. त्यातल्या बहुतेकांचं पुढच्या तपासणीत सगळं ठीक निघतं. खरी गरज असलेली हजारातली दोन-तीन बाळं या गर्दीत असतात. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर सगळ्यांना परत बोलवावं लागतं. जगभर नवजात श्रवणतपासणीचे कार्यक्रम इथेच फसले आहेत. बाळ परत येत नाही.

का येत नाही, हे महाराष्ट्रात तरी कोड्यासारखं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ जन्मलं बार्शीला, आणि दीड-दोन महिन्यांनी आई सासरी गेली हडपसरला किंवा भिवंडीला. बार्शीच्या दवाखान्याच्या वहीत जी तारीख आहे त्या तारखेला ती तिथे नसते, आणि हडपसरच्या दवाखान्याला तिचं नावही माहीत नसतं. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ती कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात फडावर. बाळ खोपीत असतं, आई पहाटे चारपासून फडात. तिच्या हातात ‘सहा आठवड्यांनी जिल्हा रुग्णालयात यावे’ असा कागद देणं, आणि ती आली नाही म्हणून वहीत ‘पालक गैरहजर’ असं लिहिणं, हा मला अन्याय वाटतो. तिची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि बाळ तर तिला धडधाकट दिसत असतं. वर सासूबाई म्हणतात, बाळाला बाहेर काढू नको, दृष्ट लागेल.

म्हणून परतीची तपासणी दवाखान्याला बांधून ठेवू नये, ती बाळाबरोबर फिरली पाहिजे. त्यासाठी नवीन यंत्रणा उभी करायचीही गरज नाही, कारण असं बाळाबरोबर फिरणारं एक काम आपण आधीच उत्तम करतो. ते म्हणजे लसीकरण. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी महाराष्ट्रातली बहुसंख्य बाळं घेतात, मग ती माहेरी असोत, सासरी असोत की फडावर. कानाची फेरतपासणी सहा आठवड्यांच्या लसीला जोडा. तेव्हा चुकली तर दहाव्या आठवड्याला, मग चौदाव्या. चौदाव्या आठवड्यालाही शंका मिटली नसेल तर पक्कं निदान करायची वेळ तीच. निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर लाल शिक्क्याने नोंदवा, म्हणजे ते कार्ड कुठल्याही गावच्या लसीकरण सत्रात उघडलं की तिथल्या एएनएमला दिसेल: या बाळाचा उजवा कान तपासायचा राहिला आहे. बेरासाठी जिल्ह्याला जावं लागलं तर एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी सरकारने द्यावी, आणि आशाताईने बरोबर जावं, त्याचा तिला मोबदला मिळावा. आशाताईच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे, हे मला माहीत आहे. हे काम फुकटात तिच्या माथी मारलं तर ते होणार नाही, आणि त्याचा दोषही तिला देता येणार नाही.

नवजात बाळाच्या घरी जाऊन त्याची काळजी घेता येते, हे तर देशाला महाराष्ट्रानेच दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून तिथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे देशभरात आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या त्या याच वाटेने. ज्या राज्यात हे घडलं त्या राज्याने एका कानाच्या तपासणीसाठी ‘पाठपुरावा शक्य नाही’ म्हणू नये.

याच्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे लोक या क्षेत्रातलेच आहेत. ते म्हणतात, उपाय हाती नसताना तपासणी करून काय साधणार? आईला तिसऱ्या महिन्यात सांगायचं की बाळाला ऐकू येत नाही, आणि मग श्रवणयंत्रासाठी वर्षभर रांगेत उभं करायचं? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. लहान बाळाचं श्रवणयंत्र एकदा देऊन संपत नाही. कान वाढतो तसा कानात बसणारा साचा सुरुवातीला दर थोड्या महिन्यांनी बदलावा लागतो, नाहीतर यंत्र शिट्टी वाजवू लागतं आणि घरचे ते काढून कपाटात ठेवतात. कॉक्लिअर इम्प्लांटला केंद्राच्या एडिप योजनेत, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत, मदत आहे; २०१४ च्या नियमांत ती पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सहा लाखांपर्यंत होती. पण शस्त्रक्रियेनंतर बाहेरचा प्रोसेसर बिघडला, केबल तुटली, बॅटऱ्या संपल्या की तो खर्च घराचा. डोक्यात इम्प्लांट आहे आणि बाहेरचं यंत्र महिनोन्महिने बंद, अशी मुलं आपल्याकडे आहेत. लाखो रुपये सरकारचे, दोन वर्षं थेरपीची, आणि सगळं एका केबलपाशी अडलेलं. दुरुस्ती आणि सुट्या भागांचा खर्च योजनेत धरलाच पाहिजे, आणि प्रत्येक जिल्ह्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मराठीतून वाचा-उपचार करणारं माणूस पाहिजे.

तरीही हा आक्षेप तपासणी थांबवायला पुरेसा नाही. कारण तपासणी न केल्याने रांग लहान होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. आज जी मुलं तीन वर्षांची होऊन येतात, त्यांच्या रांगेत सरकारला निवांत बसता येतं, कारण ‘आता उशीर झाला’ हे उत्तर हाताशी असतं. तिसऱ्या महिन्यात निदान झालेल्या हजारो बाळांची यादी समोर असली की तसं उत्तर देता येणार नाही. शिवाय निदानाच्या दिवसापासून घरात सुरू करता येण्यासारख्या गोष्टींना यंत्र लागत नाही. बाळाच्या समोर बसून, चेहऱ्यावर उजेड येईल असं बसून बोलणं, हातवारे करणं, त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहणं. हे आईला कुणीतरी शिकवलं पाहिजे, आणि ते शिकवायचं तर तिला आधी कळलं पाहिजे.

दुसरा आक्षेप कर्णबधिर समाजातून येतो आणि तो मला जास्त विचार करायला लावतो. तुम्ही आमच्याकडे फक्त बिघडलेले कान म्हणून पाहता, असं ते म्हणतात. आमची भाषा आहे, भारतीय सांकेतिक भाषा. २०१५ साली दिल्लीत तिच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान दिला. तुमची तपासणी बाळाला पाळण्यातूनच ऑपरेशन टेबलाकडे नेते, आणि मधल्या वाटेवर त्याला कुठलीच भाषा देत नाही. ही तक्रार खरी आहे. इम्प्लांटची वाट पाहत, मग ते ‘चालू’ होण्याची वाट पाहत, मग थेरपीचा गुण येण्याची वाट पाहत अनेक मुलांची पहिली चार वर्षं भाषेवाचून जातात. खुणा शिकवल्या तर बोलणार नाही, अशी भीती पालकांना घातली जाते, आणि त्या भीतीला भक्कम आधार नाही.

पण या तक्रारीतून तपासणीच्या विरोधातला निष्कर्ष निघत नाही. उलट ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या कर्णबधिर बाळाला सांकेतिक भाषा मिळायची असेल, तर त्या आईबापांना ती आधी शिकावी लागेल, आणि त्यासाठी त्यांना वेळ हवा. कोलोरॅडोच्या पाहणीत बोलणाऱ्या मुलांनाही आणि खुणांनी व्यवहार करणाऱ्या मुलांनाही लवकर कळल्याचा फायदा झाला होता, तो मुद्दा मी इथेच आणणार होतो. म्हणून माझं म्हणणं असं, की निदान सांगतानाच पालकांची गाठ एका प्रौढ कर्णबधिर व्यक्तीशी घालून द्यावी. जिल्हा केंद्राने त्यासाठी अशा माणसांना मानधनावर घ्यावं. तिसऱ्या महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन हादरलेल्या आईला, डॉक्टरपेक्षाही, नोकरी करणारी, संसार करणारी, हसरी कर्णबधिर बाई भेटणं गरजेचं आहे. यंत्र लावायचं, इम्प्लांट करायचं, खुणा शिकायच्या की दोन्ही करायचं, हे आईबाप नंतर शांतपणे ठरवतील. भाषा मात्र त्या दिवसापासून सुरू व्हावी, हाताची असो की जिभेची.

राहिला प्रश्न खासगी दवाखान्यांचा, कारण शहरांत आणि तालुक्यांत बाळंतपणांचा फार मोठा वाटा त्यांच्याकडे आहे. नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा राज्यात आहेच. प्रसूतिगृहाची नोंदणी किंवा नूतनीकरण करताना श्रवणतपासणीची सोय, स्वतःची किंवा कोचीसारखी वाटून घेतलेली, ही अट घालता येते. ही अट दवाखान्यावरच असावी. तपासणीचा कागद असल्याशिवाय जन्मदाखला नाही, असलं काही करू नये, त्यात पुन्हा गरीब आईच भरडली जाईल. आणि तपासणीचे पैसे बिलात वेगळे लावू नयेत. वेगळे लावले की ‘हे नको, ते नको’ करताना पहिली काट त्यालाच बसते.

‘पास’ झालेल्या बाळाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही बहिरेपण जन्मानंतर महिन्यांनी, वर्षांनी येतं. गर्भात सायटोमेगालोव्हायरसचा संसर्ग झालेल्या बाळांत, मेंदुज्वर झालेल्यांत, काही आनुवंशिक प्रकारांत. म्हणून नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी आईला विचारावं: हाक मारली की वळतो का, ‘बाबा’, ‘मामा’ असे आवाज काढतो का? आईला शंका असेल तर तीच तपासणीला पुरेसं कारण मानावं, आधीचा ‘पास’चा कागद तिच्यासमोर नाचवू नये. आणि ती लस मुलींनी न चुकता घ्यावी, कारण गर्भारपणात झालेला रुबेला हे बाळाच्या बहिरेपणाचं एक टाळता येणारं कारण आहे.

सरकारी नियम होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात पाळणा हलणार आहे त्यांनी डिस्चार्जच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: दोन्ही कानांची ओएई झाली का, बाळ पेटीत होतं तर बेरा झाली का, आणि ‘रेफर’ असेल तर पुढची तारीख कोणती आणि कुठे. उत्तरं कार्डावर लिहून घ्यावीत. सासरी जाताना कार्ड बरोबर न्यावं आणि सहा आठवड्यांच्या लसीच्या दिवशी तिथल्या सिस्टरसमोर ते उघडून ठेवावं.